जनूचं दुसरं बारसं

पाळणा प्रविणनं मांडववाल्याकडून आणवला होता. चारी खांबांना प्लास्टिकचा मोगरा गुंडाळलेला, वर गुलाबी फुगे. रामवाडीतल्या त्या दुमजली घराच्या ओसरीत तो उभा राहिला तेव्हा शेजारच्या बायांना वाटलं, प्रविणच्या बायकोला या वयात दिवस गेले होते की काय, आणि गेले तर आपल्याला कसं कळलं नाही! दिपिकानं, म्हणजे त्याच बायकोनं, कपाळाला हात लावला. "नाय हो, आमच्या मोठ्या आत्येचं बारसं हाय." मोठ्या आत्याची, जनूची, ऐंशी कधीच उलटली होती. बाया हसल्या नाहीत, कारण हसावं की पदर डोळ्याला लावावा हे त्यांना ठरवता येईना.

जनूची धाकटी बहीण काशीबाई उंबऱ्याशी उभी राहून त्या फुग्यांकडे बघत होती. रोह्याहून निघताना तिला वाटलं होतं, एक सूप असेल, चार बाया असतील, झटक्यात आटपेल. इथं तर खुर्च्या मांडून भाऊकी बसली होती, आणि भिंतीवर जनूचा हा एवढा फोटो लावला होता. तरुणपणचा, सिनेमातला, मान वळवून बघणारा. खाली नाव, हेमरेखा. ज्या घरात तिचं नाव काढायची चोरी होती त्या घराच्या भिंतीला तिच्यासाठी नवा खिळा ठोकला गेला होता. काशीबाईला त्या खिळ्याचाच राग आला.

जनू स्वतः बाहेर गाडीत होती. काशीबाईच्या मुलानं, निकेशनं, धाटावच्या कंपनीतली शिफ्ट बदलून घेऊन दोघी म्हाताऱ्यांना आणलं होतं आणि गाडी बदामाच्या झाडाखाली लावली होती. "आधी तू आत जाऊन बघ," जनू काशीबाईला म्हणाली होती, "सेट लागलाय का ते."

आता ज्या बाईचं बारसं व्हायचं ती बाई घरच्यांच्या लेखी मेलेली होती, हीच तर सगळी भानगड. जनू सतराची असताना पेणच्या खाडीवरच्या त्यांच्या मिठागरात सिनेमावाले आले. त्यांच्या नायिकेला मीठ ओढता येईना, फावडं धरलं की हाताला फोड. म्हणून पाठमोरी दाखवायला त्यांनी जनूला उभं केलं. दिग्दर्शकानं तिला एकदा मान वळवायला सांगितली आणि तिनं वळवली. सिनेमावाल्यांचा ट्रक परत निघाला तेव्हा ट्रकात जनू होती. बापूस ना पोलिसात गेला ना मुंबईला. त्यानं घरातल्या सगळ्यांना खाडीवर नेलं, तिच्या नावानं आंघोळ केली, डोकं भादरून घेतलं आणि तेराव्याला भाऊकी जेवू घातली. काशीबाईनं, तेव्हाच्या काशीनं, त्या जेवणात पुन्हा पुन्हा भात मागून घेतला होता. मेलं म्हणजे काय ते तिला माहीत होतं आणि जनू मेलेली नाही हेही माहीत होतं, मग उपाशी कशाला राहायचं?

पुढं जनूची हेमरेखा झाली. आधी नायिकेची मैत्रीण, मग नायिका. डोळ्यांत पाणी आणायला तिला ग्लिसरीन लागत नसे, म्हणून निर्माते तिला सोशिक सुनेचीच कामं देत. पडद्यावर तिनं किती माहेरं सोडली आणि किती सासवांचा जाच सोसला त्याला सुमार नाही. मग हिंदीत नायकाची बहीण, मग नायकाची आई, मग मालिकेतली खाष्ट सासू, आणि मग काहीच नाही. पेणच्या टॉकीजबाहेर तिचं पोस्टर लागलं की बापूस बैलगाडी दुसऱ्या वाटेनं घरी आणायचा. खाडीकाठचं जुनं घर उधाणात गेलं, बांध फुटले, मिठागरं संपली. बापसानं रामवाडीला हे घर बांधलं आणि मरताना मुलाकडून, कमळाकरकडून, शब्द घेतला, की ती या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. जे दार तिला बंद होतं ते जनूनं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

गेल्या वर्षी सरकारनं तिला जीवनगौरव दिला. टीव्हीवर चेहरा झळकला आणि कमळाकरच्या प्रविणला एकाएकी आठवलं, की आपल्याला आणखी एक आत्या आहे. प्रविणचा हमरापूरला गणपतींचा कारखाना, वर नगरपालिकेला उभं राहायची हौस. 'पेणच्या सुकन्येचा नागरी सत्कार' असे बॅनर त्यानं पार हायवेपर्यंत लावले, त्यात सुकन्येचा फोटो जरा लहान आणि स्वतःचा जरा मोठा. सत्कार आज संध्याकाळी होता. जनू तेव्हा रोह्यात काशीबाईकडे राहायला आलेली होती. तिनं प्रविणला निरोप धाडला, सत्काराला येईन, पण आधी घरात येईन, पुढच्या दारानं.

कमळाकर म्हणाला, मेलेलं माणूस घरात घ्यायचं कसं? भटजींना विचारलं. भटजी म्हणाले, त्यालाही सोय आहे. ज्याची क्रिया उरकली तो जिवंत परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. बारसं करायचं, नाव ठेवायचं, की ते माणूस घरचं. असा हा पाळणा आला होता.

"काशे, तिला सांगितलंस?" कमळाकरनं खुर्चीतूनच विचारलं. पांढरा सदरा, पांढरी टोपी, हातात काठी. बसायची ढब थेट बापसाची.

"काय सांगायचं?"

"नावाचं."

काशीबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "दादा, जनूच ठेवूया ना. तिचंच नाव हाय."

"जनू मेली. बापसानं आंघोळ केली, मी केली, तूबी केलीस. मेलेल्याचंच नाव परत त्याला ठेवायचं तर मग बापूस खोटा पडला. हेमरेखा ठेवायचं. ठरलंय."

"आत्या, बॅनरवर पण तेच हाय ना," प्रविण फोन कानाला तसाच धरून म्हणाला. "उद्या पेपरला येईल, अभिनेत्री हेमरेखा यांचं माहेरी स्वागत. जनू कोन ओळखतोय?"

"आमी ओळखतो."

"तुमी नुसतं ओळखता, काशीबाय. भोगलं आमी." हे स्वयंपाकघराच्या दारातून आलं. कमळाकरची बायको सरू हात पुसत बाहेर आली. "तुमी रोह्याला नांदत होता. हितं माज्या पोरीला बघायला पावने यायचे, चहा प्यायचे आणि जाताना इचारायचे, ती सिनेमावाली तुमच्यातलीच ना? की गेले ते गेले. पोरीचं वय उलटलं, बिजवराला द्यावी लागली. आता तिलाच पाळण्यात घालून मी पाळणा म्हनू?"

सरू बोलत होती त्यातला शब्दही खोटा नव्हता.

"पण आई, तुमी तिचा एक सिनेमा नाय सोडला," दिपिका हळूच म्हणाली.

"नाय सोडला. तंबूत जाऊन बघितले. रडाया मिळायचं," सरू म्हणाली. "घरात रडलं तर कारन द्यावं लागतं."

कमळाकरनं काठी आपटली. "पुरे. काशे, ती आता माजी मुलगी म्हनून जन्माला येतेय, म्हंजे आत्या तू. नाव तू ठेवायचंस. कानात हेमरेखा बोल, मोठ्यानं हेमरेखा बोल, की झालं. जमत नसंल तर हितूनच गाडी फिरव."

"बरं," काशीबाई म्हणाली. आयुष्यभर ती या घरात 'बरं' म्हणत आली होती, आणखी एक म्हणायला तिचं काय जात होतं?

गाडीत जनू हातातल्या आरशात बघून पावडर लावत होती. पावडर जिथं बसायची तिथंच बसत होती. अंगावर मांस उरलं नव्हतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोह्याच्या डॉक्टरनं रिपोर्ट बघून काशीबाईला बाजूला बोलावलं, तेव्हा जनू खुर्चीतूनच म्हणाली होती, "इथंच सांगा, डॉक्टर. नायकाच्या आईची कामं केलीत मी. नातेवाइकांना बाजूला कधी घेतात ते मला पाठ आहे."

"काय म्हणतो माझा बाप?" तिनं आता विचारलं.

"कोन बाप?"

"कमळ्या गो. आजपासून तोच ना?" जनू हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबल्यावर तिनं काशीबाईकडे नीट पाहिलं. "नाव काय ठरलंय?"

काशीबाई खिडकीबाहेर बघत राहिली.

"हेमरेखा," जनूनंच सांगितलं. ती सिनेमातलं शुद्ध मराठी बोलायला लागली की समजावं, बाईचं डोकं फिरलंय. "ते नाव एका निर्मात्यानं ठेवलं, पान चघळता चघळता. मला विचारलंसुद्धा नाही. त्या नावानं कुणीही हाक मारली की मी आले म्हणाले. त्या बाईचं सगळं झालं, काशी. टाळ्या झाल्या, शिव्या झाल्या, पुरस्कारही तिलाच मिळाला. तिला या घरात कशाला न्यायचं? ती या घरची नाहीच."

"दादा बोलला, नाय जमलं तर गाडी फिरव."

"मग फिरवायला सांग निकेशला."

"जने!"

जनूनं आरसा मिटला. मग तिचा आवाज एकदम खाली आला, आणि भाषाही. "तुज्याकडं मेले तर निकेश सगळं करील, चांगलंच करील, ठाव हाय मला. पन मला बापसाच्या दारातून जायचं हाय गो. मिठागरातली जनू म्हनून. एकदा यांनी मला खोटी घालवली. आता खरी जातेय ती तरी माज्या नावानं जाऊ दे." तिनं गाडीचं दार उघडलं. "आत्या तू हायस. बघ काय ते."

काशीबाईला तिचा भयंकर राग आला. सगळ्यांची हीच रीत. बापूस हुकूम सोडून मोकळा, दादा हुकूम सोडून मोकळा, ही ट्रकात चढून मोकळी, आणि मधल्यामध्ये निस्तरायला काशी. पण हात मात्र तिनं पुढं केला. जनूला धरल्याशिवाय चालता येत नव्हतं.

दारात दिपिकानं पायांवर पाणी घातलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. एका पुतण्यानं मोबाईल धरला होता, तो म्हणाला, "आत्या, जरा थांबून आत या, चांगलं येईल." जनू थांबली. त्याच्यासाठी नव्हे. तिनं चौकटीला हात लावला, मग उंबऱ्याला. असल्या उंबऱ्यांवरून ती सिनेमात शेकडो वेळा आतबाहेर गेली होती. तिथं आत शिरलं की पुढं तारा आणि दिवे असत, घर नसे. इथं आत भाऊकी होती आणि त्यातलं कुणी उठून उभं राहिलं नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघून ती एवढंच म्हणाली, "हा कशाला लावलाय?"

जनू पाळण्यात मावणार नव्हती, म्हणून भटजींनी वरवंटा कुंचीत गुंडाळून तिच्या बदली पाळण्यात निजवायला सांगितला. जनूला पाळण्याशेजारी खुर्चीत बसवलं. सरूनं दोरी हातात घेतली आणि तोंडातल्या तोंडात पाळणा म्हटला, एकदाही जनूकडे न बघता. खुर्च्यांवरची मंडळी पेढ्यांची वाट बघत होती. प्रविण घड्याळ बघत होता.

"आत्याबाईंनी नाव ठेवावं," भटजी म्हणाले.

काशीबाई वाकली. जनूच्या कानाला पावडरचा वास येत होता, आणि खाली औषधांचा. कमळाकर समोर बसून काशीबाईच्या ओठांकडे बघत होता. तिला वाटलं, आपण घाबरणार. आणि ती घाबरलीच होती.

"जनू," ती कानात म्हणाली. मग सरळ उभी राहून, साऱ्या ओसरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जनू."

सरूच्या हातातली दोरी थांबली.

"काशे!" कमळाकर उठला. "काय ठरलं होतं?"

"तुजं ठरलं होतं, दादा. आत्या मी हाय."

"भटजी, परत घ्या. दुसऱ्यांदा ठेवा नाव."

भटजींना पुढं धाटावला वास्तुशांत होती. "कानात गेलं ते गेलं," ते पिशवी आवरत म्हणाले. "एका पोराची दोन बारशी मी करत नाही."

कमळाकर काठी टेकत माजघरात निघून गेला. भाऊकी एकमेकांकडे बघू लागली. कोणी म्हणालं, थेरड्या माणसांचं काय मनावर घ्यायचं. कोणी पेढा उचलला. जनू डोळे मिटून बसली होती. काशीबाईला वाटलं, आता ही रडणार. पण नाही, बिनग्लिसरीनचे ते डोळे अगदी कोरडे होते.

"असू दे, असू दे," प्रविण पुढं आला. "घरात कायबी हाक मारा, आपल्याला काय. आत्या, चारला गाडी लावतो. दिपिका पैठणी देईल ती नेसायची. पक्षाचे साहेब स्वतः येनार हायत."

"कुठं?" जनूनं विचारलं.

"म्हंजे? सत्काराला."

"मी कशी येऊ रे बाबा?" जनूनं डोळे उघडले. "आज बारसं झालं माझं. सव्वा महिना झाल्याबिगर पोर उंबऱ्याबाहेर काढतात का? आईला विचार तुझ्या."

सगळे सरूकडे बघायला लागले. ती दोरी धरून तशीच उभी होती. घरातल्या बाळंतिणींचं सगळं तिनंच केलं होतं. कुणाला कधी बाहेर काढायचं, कुणाला कधी न्हाऊ घालायचं, हे तिच्याशिवाय ठरत नसे. या एका बाबतीत कमळाकरसुद्धा तिला विचारून चालायचा.

"आई, सांग की यांना, ते लहान पोरांचं असतंय," प्रविण म्हणाला.

"लहान पोरांचंच असतंय," सरू म्हणाली. "पन बारसं तुमी केलंत, प्रविण. पाळना तू आनलास, फुगे तू लावलेस. आमच्यात सव्वा महिना पोर भाईर काढत नाय. तुला नव्हता काढला. माजी आई वारली तेव्हा तू कुशीत होतास, मला माहेरी जाऊ दिलं नाय तुज्या आज्यानं. तेव्हा नेम मोडला नाय, मग आज कशापाई मोडायचा?" हे तिनं प्रविणला सांगितलं, पण बघत होती ती माजघराच्या दाराकडे.

"साहेब येऊन बसनार तिथं! मी काय तोंड दाखवू?"

"साहेबांना हितं येऊ दे. बाळंतविडा घेऊन."

दिपिकाला हसू आवरेना, ती आत पळाली. प्रविणचं तोंड लाल झालं. "म्हातारे, तू फसवलंस मला," तो जनूवर ओरडला. आत्या वगैरे सगळं गळून पडलं होतं. "घरात शिरायला सत्काराचं आमिष दाखवलंस."

"मी येनार नाय कुठं म्हनते?" जनू शांतपणे म्हणाली. "येईन. सव्वा महिन्यानं ठेव."

सत्कार झाला. न करून प्रविण सांगतो कुणाला? त्यानं भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढून नेला, मंचावरच्या खुर्चीत उभा केला, आणि साहेबांनी फोटोला शाल पांघरून वर हार घातला. निकेशनं ते फोनवर दाखवलं तेव्हा काशीबाईनं फोन उलटा करून ठेवला. जनूनं मात्र तो मागून घेतला आणि हार घातलेल्या हेमरेखेला बराच वेळ बघितलं. "चांगली दिसते," ती म्हणाली आणि फोन परत दिला.

तिला स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत खाट दिली होती. सरूनं चादर घातली, तांब्या भरून ठेवला, उशी सारखी केली. बोलली एक अक्षर नाही. बाकी कुणी तिकडं फिरकलं नाही. दिवेलागणीची वेळ झाली. निकेश बाहेर हॉर्न वाजवू लागला. रोह्याला पोचून त्याला सकाळच्या शिफ्टला जायचं होतं.

"चल गो माज्याबरोबर," काशीबाई खाटेशी बसून म्हणाली. "उंबरा वलांडलास, नाव मिळालं. आता काय राहिलं? हितं कोन बोलनार तुज्याशी?"

"नाय बोलले तर नाय."

"औषधं कोन देईल?"

"सरू देईल. ती नेमाची हाय."

दारात काठी वाजली. कमळाकर येऊन उभा राहिला होता. खोलीत त्यानं पाऊल टाकलं नाही. खाटेकडे न बघता त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक दिली, "सरू, त्या बाईला इचार, जेवनार काय."

जनू हाताच्या आधारानं उठून बसली. "कमळ्या," ती म्हणाली, "मला नाव हाय. आजच ठेवलंय."

कमळाकरचा जबडा हलला. लहानपणी हाच कमळ्या जनूच्या परकराला धरून मिठागराच्या बांधावरून चालायचा, पाय घसरला की 'जने, जने' करून बोंब मारायचा. ते त्याला आठवत नसेल असं नाही. तो वळला आणि काठी टेकत ओसरीकडे गेला.

"नाय घेनार तो नाव," काशीबाईला रडू फुटलं. "बापसावर गेलाय मेला. हट्टी."

"आणि मी कुनावर गेले?" जनूनं अंग टेकलं आणि चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "तू जा, निकेश खोळंबलाय. सव्वा महिना हाय माज्याकडं. रोज सकाळी त्याला इचारीन, माजं नाव काय. कधीतरी वैतागून तरी बोलंल."

काशीबाईनं डोळे पुसले आणि पिशवी उचलली. रोह्याच्या डॉक्टरनं सव्वा महिन्याचीही खात्री दिली नव्हती, आणि कमळाकरला ते नाव न घेण्याची साठ-पासष्ट वर्षांची सवय होती.